एक्स्पिडिशनला ट्रॅव्हल ट्रेलर जोडायचाय, ९००० पौंड पुरेत का?

डोंगरवेडा | १२ एप्रिल

नमस्कार मंडळी. आम्ही डेन्व्हरच्या बाजूला राहतो. आजवर तंबूत भागवलं, पण मे महिन्यात सांगलीहून आई आणि नाना सहा महिन्यांसाठी येताहेत. सत्तरीतल्या माणसांना जमिनीवर झोपवायचं जिवावर येतं. म्हणून एक वापरलेला ट्रॅव्हल ट्रेलर, म्हणजे गाडीमागे ओढायचं चाकांवरचं घर, हेरून ठेवलाय. २७ फुटी, मागे पोरांसाठी बंक, पुढे मोठा पलंग. कोरडं वजन ५४०० पौंड, जीव्हीडब्ल्यूआर (सामानासकट जास्तीत जास्त वजन) ७२००.

गाडी फोर्ड एक्स्पिडिशन मॅक्स, फोर बाय फोर, हेवी ड्यूटी टो पॅकेजवाली. कागदावर ९००० पौंड ओढते. ट्रेलर विकणारा म्हणाला, "९००० ची गाडी, ५४०० चा ट्रेलर, डोळे मिटून घ्या." कुणी डोळे मिटायला सांगितलं की माझे आपोआप उघडतात, म्हणून इथे विचारतोय. जूनमध्ये आय-७० महामार्गाने युटातल्या मोॲबला जायचा बेत आहे. हिच, म्हणजे गाडी-ट्रेलरची जोडणी, कुठली घेऊ? आणखी काय काय लागेल?

निवांत

अभिनंदन! ३६०० पौंड हातात आहेत, काळजी कसली? घ्या आणि निघा. फोटो टाका.

चकली_भाजणी

जूनमध्ये मोॲब?? सासू-सासऱ्यांवर राग आहे का कुणाचा? तिथे जूनमध्ये पारा शंभर फॅरनहाइटच्याही वर जातो. सप्टेंबरअखेर जा.

गॅरेजकाका

डोंगरवेडा, आधी ड्रायव्हरचं दार उघडा. दाराच्या खांबावर टायरमधल्या हवेचा दाब लिहिलेलं एक पिवळ्या पट्टीचं स्टिकर असतं. माणसं आणि सामान मिळून इतक्या पौंडांवर जाऊ नये, असा एक आकडा त्यावर छापलेला असतो. तो इथे सांगा. ९००० वर नंतर येऊ.

डोंगरवेडा

१५८२.

गॅरेजकाका

आता हिशेब मांडू. घरातल्या सगळ्यांची वजनं सांगा. वहिनींचं अंदाजे चालेल, भांडण नको.

डोंगरवेडा

मी १८०, बायको १४० (तिनेच सांगितलंय), पोरं ९० आणि ५५. आई १२५, नाना १५०. एकूण ७४०.

गॅरेजकाका

७४० माणसं. कूलर, खुर्च्या, खाऊच्या पिशव्या असं गाडीत कमीत कमी १५० धरा. हिचचं लोखंड ९०, तेही यातच मोजायचं. झाले ९८०. उरले ६०२.

आता ट्रेलर. ५४०० हे कारखान्यातून निघालेल्या रिकाम्या ट्रेलरचं वजन. त्यात बॅटरी, गॅस, भांडीकुंडी, गाद्या, पाणी यायचंय. एक गॅलन पाणी ८.३ पौंडांचं असतं. ४० गॅलनची टाकी भरली की तिथेच ३३२ पौंड गेले. संसार भरल्यावर हा ट्रेलर ६५०० च्या खाली राहणार नाही. त्याची पुढची दांडी, म्हणजे टंग, गाडीच्या बॉलवर टेकते. ट्रॅव्हल ट्रेलरला एकूण वजनाच्या १० ते १५ टक्के भार तिथे असावा लागतो. मी १३ धरतो. ६५०० चे १३ टक्के म्हणजे ८४५. तुमच्याकडे जागा ६०२ ची.

म्हणजे ९००० पासून तुम्ही अडीच हजार लांब आहात आणि १५८२ च्या अडीचशेने पुढे गेला आहात.

विकणारा खोटं बोलला नाही. ओढायचा आकडा हल्ली एसएई या वाहन-अभियंत्यांच्या संस्थेच्या जे-२८०७ या चाचणीवरून ठरतो. त्यासाठी ॲरिझोनात डेव्हिस डॅमजवळचा जवळपास साडेअकरा मैलांचा चढ शंभर अंश फॅरनहाइटच्या उन्हात, एसी पूर्ण चालू ठेवून चढावा लागतो. पण गाडीत माणसं धरतात दोन, दीडशे-दीडशे पौंडांची. तिसऱ्या रांगेत नाना बसलेत हे त्या चाचणीच्या गावीही नसतं.

निवांत

काका, इतका कीस पाडला तर कुणी घराबाहेरच पडणार नाही. माझ्या ओळखीतले लोक याहून मोठे ट्रेलर ओढतात. मागच्या स्प्रिंगना आधार द्यायला एअर बॅग्ज (हवेच्या पिशव्या) टाकल्या की गाडीचं बूड वर येतं, विषय संपला.

गॅरेजकाका

बूड वर येतं, वजन जात नाही. एअर बॅगने मागच्या आसावरचा भार कमी होत नाही, पुढच्या चाकांवरून उडालेलं वजनही परत येत नाही. गाडी फक्त सरळ दिसते. दारावरचं स्टिकर आहे तेच राहतं.

डोंगरवेडा | १४ एप्रिल

काका, मी हादरलोय. पण एक गंमत सांगतो. काल व्हिडिओ कॉलवर नानांना हे टंगचं प्रकरण समजावत होतो. टक्के, पौंड, सगळं. त्यांनी मला मध्येच थांबवलं. म्हणाले, "अरे मग उलाळ होऊ द्यायची नाही, एवढंच ना?"

आमची उसाची गाडी होती. गाडीत माल मागे जास्त पडला की दांडी वर उचलली जाते, जू बैलांच्या मानेवरून उठतं आणि गळ्याला काचतं. ती उलाळ. फार पुढे भरलं तर जू मानेवर बसतं आणि बैल वाकतात. गाडी भरणारा माणूस जू हाताने उचलून बघायचा, नाना म्हणाले, आणि सांगायचा अजून चार मोळ्या मागे सरकवा. मी लहानपणी ते जू धरून लोंबकळलोय, पण मला हे आठवलं नाही.

पाटलांचा_धाकटा

नानांना साष्टांग नमस्कार. आमच्याकडे कारखान्याच्या वाटेवर ट्रॅक्टरमागे दोन-दोन ट्रॉल्या डोलत जातात, त्यांच्या मागून मोटरसायकल चालवली असेल त्याला ट्रेलर स्वे, म्हणजे ट्रेलरचं डोलणं, वेगळा शिकवावा लागत नाही.

गॅरेजकाका

उलाळ! हा शब्द वीस वर्षांनी ऐकला. अगदी तेच. फरक इतकाच की बैल थांबतात, गाडी पासष्ट मैलांच्या वेगाने चाललेली असते. दांडी हलकी झाली की ट्रेलरचं शेपूट डोलायला लागतं आणि डोलता डोलता ते गाडीला वळवतं. दांडी जड झाली की गाडीचं बूड बसतं, पुढची चाकं हलकी होतात, स्टिअरिंग आणि ब्रेक दोन्ही ढिले पडतात.

त्या दुसऱ्या दुखण्यावर वेट डिस्ट्रिब्यूशन हिच. तिला दोन स्प्रिंग बार असतात. ते ताणून बसवले की पूर्ण जोड एका लांब तुळईसारखी ताठ होते. मागच्या आसावरचं थोडं वजन पुढच्या चाकांवर जातं आणि थोडं ट्रेलरच्या चाकांवर. तुमच्या वजनाला ही हिच हवीच, आणि स्वे आवरणारी असेल अशी घ्या. गाडीमागे हिच ज्यात बसते त्या रिसीव्हरवर दोन आकडे छापलेले असतात, बारशिवाय आणि बारसकट. दोन्ही वाचा.

सौ_सॅन_होजे

नवखी आहे, एक विचारू? बार किती ताणायचे हे कळतं कसं?

गॅरेजकाका

टेप घ्या. सपाट जागा. गाडी एकटी, नेहमीचं सामान भरलेली असताना पुढच्या चाकावरच्या कमानीची जमिनीपासून उंची मोजा. मग ट्रेलर बॉलवर टेकवा, बार लावू नका, पुन्हा मोजा. पुढचा भाग वर उचललेला दिसेल. मग बार लावून तिसऱ्यांदा मोजा. उचललेल्या उंचीपैकी किती परत खाली आणायची ते गाडीच्या पुस्तकात असतं. पूर्वी लोक सरसकट पुढे-मागे सारखं बसवायचे. आता बऱ्याच कंपन्या अर्धंच परत आणा म्हणतात. पुढे फार वजन ढकललं तर मागची चाकं हलकी होतात आणि वळणावर गाडीचं बूड सरकू शकतं. हिचवाल्या दुकानात "सगळ्यांना बारच्या साखळीची पाचवी कडी लावतो" असं कुणी म्हणालं तर दुसरं दुकान शोधा.

आणि बॉलची उंची अशी ठेवा की ट्रेलर सपाट उभा राहील, फार तर नाक किंचित खाली. नाक वर कधीच नको.

लेस्टरकर

इंग्लंडमधून विचारतोय. आमच्याकडे कॅरव्हॅनला नोजवेट, म्हणजे दांडीवरचा भार, ५ ते ७ टक्के सांगतात आणि ही बार-बिर भानगड फारशी दिसत नाही. तुम्ही लोक दुप्पट का घेता?

गॅरेजकाका

तुमच्याकडे मोटरवेवर ट्रेलर असला की ६० मैल, दुहेरी वाहतुकीच्या साध्या रस्त्यावर ५०, आणि तीन लेनच्या मोटरवेवर सर्वांत उजवी लेन बंद. तुमच्या कॅरव्हॅन हलक्या असतात, जड सामान आसाजवळ ठेवायचा दंडक तिथे कडक आहे. आमच्याकडे कॅलिफोर्नियासारखी ५५ ची सक्ती करणारी राज्यं आहेत, पण बाकी बऱ्याच ठिकाणी ट्रेलरसकट लोक सत्तरने पळतात, ट्रेलर उंच, लांब, आणि मागच्या टोकाला बंक. वेग वाढला की डोलणं पटकन हाताबाहेर जातं. म्हणून दांडीवर जास्त भार.

ओहायोकर

व्हीलबेसबद्दल, म्हणजे गाडीच्या पुढच्या-मागच्या चाकांमधल्या अंतराबद्दल, कुणी बोललं नाही. एक जुना ठोकताळा आहे. ११० इंचाला २० फुटी ट्रेलर, पुढच्या दर चार इंचांना एक फूट वाढवा. एक्स्पिडिशन मॅक्सचा व्हीलबेस १३१.६ इंच, म्हणजे साधारण २५ फूट. २७ थोडा पुढे जातो. नियम नव्हे, पण वाऱ्यात जाणवेल. साध्या एक्स्पिडिशनचा १२२.५ आहे, तिला हा ट्रेलर मी लावलाच नसता.

डोंगरवेडा | ३ मे

ट्रेलर घेतला. (शिव्या घालू नका, किंमत पाडून मिळाली.) बेत सप्टेंबरअखेरवर ढकललाय. टायरवर डीओटीचे शेवटचे चार आकडे २३१७ आहेत. नक्षी नव्यासारखी आहे, ठेवू का?

गॅरेजकाका

२०१७ सालातला तेविसावा आठवडा. फेका. ट्रेलरचे टायर झिजून मरत नाहीत, उभ्या उभ्या म्हातारे होतात. नवे घेताना एसटी (स्पेशल ट्रेलर) असं लिहिलेले घ्या, भाराची रेंज जुन्याच्या बरोबरीची किंवा वरची. बाजूवर लिहिलेला पूर्ण दाब, टायर थंड असताना भरायचा. वेगाची मर्यादा तिथेच बघा, अनेक एसटी टायरना ती ६५ मैलांचीच असते. चाक बसवल्यावर पन्नास मैलांनी नट पुन्हा टॉर्क रेंचने आवळा. बेअरिंगला ग्रीस कधी भरलं ते जुन्या मालकाला माहीत नसेल, तर भरलेलं नाही असं धरा.

डोंगरवेडा

ट्रेलरचे ब्रेक चालवणारा ब्रेक कंट्रोलर गाडीतच आहे. गेन, म्हणजे त्या ब्रेकचा जोर, किती ठेवू?

ओहायोकर

आकडा विचारू नका, प्रत्येक ट्रेलरला वेगळा. मोकळी, कोरडी, सपाट जागा गाठा. वेग २०-२५. पायातला ब्रेक न लावता कंट्रोलरची कळ हाताने पूर्ण दाबा. मागून घट्ट ओढल्यासारखं वाटलं पाहिजे. चाकं लॉक होऊन घासली तर गेन कमी करा, काहीच जाणवलं नाही तर वाढवा. पाऊस लागला किंवा वजन बदललं की पुन्हा बघा. ट्रेलर सुटला तर त्याचे ब्रेक लावणारी ब्रेकअवेची तार गाडीच्या पक्क्या भागात अडकवा, साखळीत नाही. साखळ्या दांडीखाली फुली मारून, म्हणजे हिच निसटलीच तर दांडी रस्त्यात रुतण्याऐवजी त्या झोळीत पडेल.

आणि आरसे. ट्रेलर गाडीपेक्षा रुंद आहे. लांब आरसे लावल्याशिवाय गल्लीतूनसुद्धा काढू नका.

डोंगरवेडा | १० सप्टेंबर

काल सगळं कुटुंब, सगळं सामान, पाण्याची टाकी काठोकाठ भरून ट्रक स्टॉपवरच्या कॅट स्केल या वजनकाट्यावर गेलो. आई म्हणाली, "माणसांचं वजन करायला एवढा मोठा काटा?" तीन वेळा उभा राहिलो. बारसकट, बार सोडून, आणि ट्रेलर बाजूला ठेवून एकटी गाडी.

ट्रेलर ६५२०. दांडीवर ८४०. काका, तुमचा अंदाज पाच पौंडांनी चुकला, लाज वाटू द्या.

बार नसताना पुढच्या आसावरचे ४१० पौंड उडाले होते. बार लावल्यावर २५० परत आले, १५० ट्रेलरच्या चाकांवर गेले. तरीही दारावरच्या आकड्याच्या वर १२८ पौंड आहे. गाडीतलं सामान काकांनी १५० धरलं होतं, ते निघालं १९०. त्यात एक पाटा-वरवंटा सापडला. विचारू नका.

सौ_सॅन_होजे

पाटा-वरवंटा!! मला त्या माउलीला भेटायचंय.

निवांत

१२८ पौंडांसाठी कुणाला घरी ठेवणार? इंजिनिअर लोक आकड्यांत थोडी जागा सोडतातच.

गॅरेजकाका

सोडत असतील, पण ती जागा टायर फुटला, वारा सुटला, उतारावर ब्रेक तापला तेव्हासाठी. कूलरसाठी नाही. डोंगरवेडा, सामान ट्रेलरमध्ये आसाच्या वर ठेवा, आणि दोन माणसं दुसऱ्या गाडीत बसवा. एवढं सोपं आहे.

डोंगरवेडा

तेच ठरलं. ऑरोराचा एक मित्र कुटुंबासकट येतोय, आई-नाना त्याच्या गाडीत. आईचा प्रश्न होता, "मागे एवढं घर आहे, पलंग आहे, आम्ही तिथेच झोपून आलो तर?" तिला सांगितलं की ट्रॅव्हल ट्रेलरमध्ये चालू प्रवासात बसणं अनेक राज्यांत बेकायदा आहे, आणि तिथे ना पट्टा ना एअर बॅग. ती म्हणाली, मग घर कशाला म्हणता त्याला.

आता गाडी मर्यादेच्या आत दोनशेहून जास्त पौंड आहे. पाटा घरी.

ओहायोकर

आयझेनहॉवर बोगदा ११,१५८ फुटांवर आहे. तुमचं इंजिन टर्बो असल्यामुळे चढाचं फार टेन्शन घेऊ नका. साध्या इंजिनाची ताकद दर हजार फुटांना तीनेक टक्के घटते, ते लोक तिथे रडतात. तुमची परीक्षा बोगद्यापलीकडे, सिल्व्हरथॉर्नच्या उतारावर. टो-हॉल मोड (ओढताना गिअर खाली धरणारा), आणि उतार सुरू व्हायच्या आधी वेग कमी. ब्रेकवर पाय ठेवून बसायचं नाही. एकदा ठाम दाबा, वेग खाली आणा, सोडा. मग गिअरला धरू द्या. वेल पासला हाच धडा पुन्हा.

डोंगरवेडा | २ ऑक्टोबर

परत आलो, सगळे धड आहेत. तरी एक प्रसंग लिहून ठेवतो.

जाताना काहीच नाही. सिल्व्हरथॉर्नचा उतार ४५ ने उतरलो, मागचा ट्रकवाला वैतागला असेल, असो. ट्रक पळाले तर घुसवायचे वाळूचे रॅम्प बघून पोरं खूश. साईटवर नळ नव्हता, म्हणून नेलेलं पाणीच चार दिवस वापरलं.

परतीला डम्प स्टेशनवर, म्हणजे सांडपाणी काढायच्या जागी, ही मोठी रांग. म्हटलं घराजवळ रिकामं करू. सांडपाण्याची टाकी भरलेली, आणि ती आहे मागच्या टोकाला. जाताना पोरांच्या सायकली ट्रेलरमध्ये आसावर बांधल्या होत्या. येताना आळस केला, मागच्या बंपरवरच्या रॅकला लावल्या.

ग्रँड जंक्शन सोडलं आणि पॅराशूटच्या अलीकडे बाजूचा वारा सुरू झाला. ६३ वर होतो. डावीकडून एक सेमी (लांबलचक मालट्रक) गेला, त्याच्या नाकाबरोबर ट्रेलर आधी बाहेर ढकलला गेला, मग आत ओढला गेला आणि तिथून थांबलाच नाही. आरशात मागचा कोपरा एकदा इकडे दिसायचा, एकदा तिकडे. पाय ब्रेककडे गेला होता. तुम्ही कुणीतरी लिहिलेलं आठवलं की काय माहीत नाही, पण पाय उचलला, स्टिअरिंग सरळ धरून ठेवलं आणि कंट्रोलरची कळ हाताने दाबली. ट्रेलरच मागून ओढायला लागला आणि तीन-चार हेलकाव्यांत सरळ झाला. गाडीच्या स्वे कंट्रोलनेही काहीतरी केलं, डॅशवर दिवा लुकलुकला. बायको बोललीच नाही. ती बोलत नाही तेव्हा प्रकरण गंभीर असतं.

पुढच्या एक्झिटला थांबलो. मागून मित्राची गाडी आली. नाना उतरले, ट्रेलरच्या मागच्या बंपरकडे बघितलं, सायकली हलवून पाहिल्या. "ग्रँड जंक्शनपासून सांगतोय यांना," मित्राकडे हात करून म्हणाले, "उलाळ झालीय. मागं बसलीय ती."

मित्र म्हणतो, त्याला वाटलं नाना गावाकडची आठवण सांगताहेत.

गॅरेजकाका

ब्रेक दाबला नाहीत ते लाख केलंत. पायाने ब्रेक मारला असता तर गाडी थांबू बघते आणि ट्रेलर मागून ढकलतो, डोलणं आणखी वाढतं. वेग वाढवून ओढून सरळ करायचा सल्लाही लोक देतात, तोही ऐकू नका.

तुमचा हिशेब करून बघितला. पुढची ४० गॅलन टाकी रिकामी झाली, दांडीवरचे पन्नास-साठ पौंड गेले. मागे ३० गॅलन सांडपाणी, अडीचशे पौंड, आसाच्या आठ-नऊ फूट मागे. सव्वाशेच्या वर उचललं त्याने. सायकली ६० पौंडांच्याच, पण अगदी शेपटाला, आणखी चाळीस-पंचेचाळीस. ८४० चे ६१० उरले असतील. साडेनऊ टक्केसुद्धा नाही.

निवांत

ठीक आहे, मी माझ्या दाराचं स्टिकर बघून आलो. १४४०. घरी अजून सांगितलेलं नाही.

चकली_भाजणी

मग सांडपाणी शेवटी कुठे काढलं?

डोंगरवेडा

पुढच्याच गावात, वीस मिनिटं. सायकली आत, पुन्हा आसावर. त्यानंतर ५८ च्या वर गेलो नाही, ट्रेलर अगदी सरळ आला. नाना ग्लेनवूडपर्यंत माझ्या गाडीत बसले. कूलर मित्राकडे दिला, आणि पोरगा तिकडे गेला.

काका, बारमधून वळताना करकर आवाज येतोय. ग्रीस कुठे लावू?

गॅरेजकाका

आधी हिचचं पुस्तक वाचा. काही हिचमध्ये बार घर्षणानेच स्वे धरतात, तिथे ग्रीस लावलंत तर पुन्हा नानांना खाली उतरावं लागेल. आणि परत आल्यावर चाकांचे नट तपासलेत का?